मूत्राशय काढले म्हणजे कर्करोग गेला?

परभणी जिल्ह्यातल्या रुग्णाला मूत्राशयाचा कर्करोग स्नायूपर्यंत पोचल्याचे कळले की घरातले एकच म्हणतात : लघवीची पिशवी काढून टाका, रोग मुळासकट जाईल, शेक (रेडिएशन) म्हणजे तात्पुरता इलाज. यामागची काळजी खरी, तर्क मात्र अपुरा. या रोगात जीव बहुधा जातो तो इतर अवयवांत पसरलेल्या गाठींमुळे. निदानाआधीच सुटलेल्या सूक्ष्म पेशी पिशवी काढून परत येत नाहीत. म्हणून तर शस्त्रक्रियेआधीही केमोथेरपी देतात. पिशवी वाचवणारा उपचारही नुसता शेक नव्हे : दुर्बिणीतून गाठ शक्य तितकी खरवडायची, मग रेडिएशन आणि त्याच काळात केमोथेरपी. अमेरिका आणि कॅनडातील ७२२ रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी रोग दूर न पसरलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ७४ टक्के, पिशवी वाचवून ७५ टक्के होते.

हे रुग्ण निवडलेले होते, हा आक्षेप रास्त आहे. चिठ्ठी टाकून गट पाडणारी ब्रिटनमधली ‘स्पेअर’ चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्याने थांबली, त्यामुळे अंतिम पुरावा नाही. गाठ एकच आणि फार मोठी नसलेली, दोन्ही मूत्रपिंडे न फुगलेली, मूत्राशय नीट काम करणारे, अशांनाच हा मार्ग सहसा लागू पडतो. बाकीच्यांसाठी बहुधा शस्त्रक्रियाच योग्य. पण ‘शेकाने पिशवी कायमची निकामी होते’ ही भीती बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरत नाही : अमेरिकेतील चाचण्यांत दीर्घकालीन गंभीर त्रास सुमारे ७ टक्क्यांना झाला. उलट पिशवी काढल्यावर अनेकांना पोटावर लघवीची थैली आयुष्यभर बाळगावी लागते.

माझ्या मते परभणीकरांसाठी खरी अडचण वेगळीच आहे. रेडिएशन चार ते साडेसहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस चालते. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तेवढे दिवस राहायचे, तर मजुरी बुडते. त्यानंतर सुरुवातीची दोन वर्षे दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी चुकवून चालत नाही, कारण ७२२ रुग्णांच्या त्या अभ्यासातही पिशवी वाचवलेल्यांपैकी १३ टक्क्यांची पिशवी पुढे काढावीच लागली. ती वेळेवर काढता येते. तपासणीच सोडली तर नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी मूत्रविकार शल्यचिकित्सक आणि रेडिएशनचे डॉक्टर, दोघांनाही भेटा आणि ‘आमच्या रुग्णाची पिशवी वाचू शकते का?’ हे स्पष्ट विचारा.