विश्लेषण : हेल्पलाइनवर एकाच वेळी हजार फोन आले तर? इंटरनेट टेलिफोनीची परीक्षा घेणारी मोफत साधने कोणती?

फोन लावला, पलीकडे घंटा वाजली, बोलणे झाले की यंत्रणा ठीक आहे, असे समजले जाते. पण रुग्णालयाची किंवा हेल्पलाइनची फोनयंत्रणा एका कॉलने कोलमडत नाही. ती कोलमडते सगळे एकदम फोन करतात तेव्हा, म्हणजे नेमकी गरजेच्या वेळी. ती वेळ येण्याआधीच यंत्रणेची परीक्षा घेणारी मुक्त-स्रोत साधने उपलब्ध आहेत. ती काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून चालवायची असतात आणि त्यांना परवाना शुल्क नाही.

इंटरनेटवरून फोन लागतो कसा?

कार्यालये आणि कॉल सेंटरमधील बहुतेक इंटरनेट फोनच्या मुळाशी ‘सिप’ म्हणजे सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल असतो. म्युच्युअल फंडातल्या ‘एसआयपी’शी त्याचे फक्त नाव जुळते. १९९९ मध्ये त्याचे पहिले मानक आले आणि २००२ मध्ये सुधारित. मोबाइलवरचे व्होएलटीई कॉलही सिपच्याच आधारे जोडले जातात.

कॉल करणारा फोन सर्व्हरला ‘इन्व्हाइट’ हा संदेश पाठवतो. उत्तरात ‘१८०’ आला तर घंटा वाजते आहे, ‘२००’ म्हणजे फोन उचलला, ‘४८६’ म्हणजे समोरचा व्यग्र आणि ‘५०३’ म्हणजे सेवा उपलब्ध नाही. बोलणे संपले की ‘बाय’. हे सगळे संदेश साध्या मजकुरात असतात, त्यामुळे माणसाऐवजी प्रोग्रॅमलाही ते पाठवता येतात. चाचणीची साधने नेमके हेच करतात.

गर्दी झाली की काय बिघडते?

‘इन्व्हाइट’ला अर्ध्या सेकंदात उत्तर आले नाही, तर फोन तोच संदेश पुन्हा पाठवतो. मग एक सेकंदाने, दोन सेकंदांनी, चार सेकंदांनी, असे अंतर दुप्पट होत जाते. यूडीपी या नेहमीच्या पद्धतीत ३२ सेकंदांनी प्रयत्न सोडून देईपर्यंत एकच कॉल सात वेळा दार ठोठावतो. सर्व्हर आधीच थकलेला असेल, तर या पुनरावृत्तीमुळे त्याच्यावरचा भार आणखी वाढतो. त्यातच वैतागलेले लोक फोन ठेवून पुन्हा लावतात. म्हणूनच अशी यंत्रणा हळूहळू मंदावत नाही. एका मर्यादेनंतर ती अचानक बसते. ती मर्यादा कुठे आहे, हे एक-दोन कॉल लावून कळत नाही.

‘सिप-पी’ काय करते?

ह्यूलेट-पॅकार्डमधील अभियंत्यांनी तयार करून मुक्त परवान्याखाली खुले केलेले ‘सिप-पी’ हे साधन कृत्रिम कॉलचा पाऊस पाडते. कॉल कसा सुरू व्हावा, किती वेळ चालावा, कोणते उत्तर अपेक्षित आहे, याची पटकथा एक्सएमएल फाइलमध्ये लिहून द्यायची. वेग सांगितला नाही, तर सेकंदाला १० कॉल सुरू होतात. चाचणी चालू असतानाच अधिकचे चिन्ह दाबले की वेग एकाने वाढतो, ताऱ्याचे चिन्ह दाबले की दहाने. किती कॉल यशस्वी झाले, किती फसले, किती संदेश पुन्हा पाठवावे लागले, हे पडद्यावर दिसत राहते. पुनरावृत्तीचे आकडे चढू लागले की मर्यादा जवळ आली, असे समजावे.

आवाजाचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो. नेहमीच्या जी-७११ पद्धतीत एका कॉलला एका दिशेने सुमारे ८० किलोबिट प्रतिसेकंद लागतात. म्हणजे १०० कॉलना प्रत्येक दिशेने ८ मेगाबिट.

बाकीची साधने कशासाठी?

सर्व्हर जिवंत आहे का, एवढेच विचारायचे असेल तर ‘सिपसॅक’ पुरते. ते छोटा संदेश पाठवून उत्तर तपासते. दर काही मिनिटांनी ते आपोआप चालवून बिघाड झाल्यास इशारा मिळवता येतो. ‘एसएनग्रेप’ हे स्पॅनिश कंपनीचे साधन कॉलमधले संदेश बाणांच्या शिडीसारखे दाखवते. ‘फोन लागत नाही’ या तक्रारीत दोष आपल्या सर्व्हरचा की दूरसंचार कंपनीच्या जोडणीचा, हे त्यातून बऱ्याचदा लवकर कळते.

चाचणी न केल्यास काय होऊ शकते?

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात एका हॉटेलच्या खोलीत महिलेवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने ९११ हा आपत्कालीन क्रमांक चार वेळा फिरवला. पण बाहेर फोन लावण्यासाठी आधी ९ दाबावा लागतो, हे तिला ठाऊक नव्हते. मदतीचा फोन लागलाच नाही. पुढे २०१८ मध्ये ‘कारीज लॉ’ मंजूर झाला. फेब्रुवारी २०२० नंतरच्या अशा बहुवाहिनी यंत्रणांत ९११ थेट लागणे त्याने बंधनकारक केले.

इथे प्रश्न गर्दीचा नव्हता, क्रमांकांच्या नियमांचा होता. पण तोही आधी तपासता येतो. ‘सिप-पी’ फोन घेणाऱ्याचीही भूमिका करते. त्यामुळे खऱ्या नियंत्रण कक्षाला त्रास न देता प्रत्येक खोलीतून आपत्कालीन कॉल योग्य वाटेने जातो का, हे पाहता येते.

गैरवापराचा धोका किती?

सुरक्षा चाचणीसाठी २००७ मध्ये आलेला ‘सिपव्हिशस’ हा संच सर्व्हर शोधतो, त्यावरचे एक्स्टेन्शन क्रमांक ओळखतो आणि कमकुवत पासवर्ड हुडकतो. भामटेही त्याचा वापर करतात. पासवर्ड सापडला की परदेशातील महागड्या क्रमांकांवर कॉल लावले जातात आणि बिल मालकाच्या नावावर येते. एक्स्टेन्शन १०१ आणि पासवर्डही १०१, हे त्यांना आमंत्रणच असते.

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेवर ही साधने चालवणे भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली महागात पडू शकते. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. त्यामुळे चाचणी स्वतःच्याच सर्व्हरवर, कमी वर्दळीच्या वेळी आणि जोडणी देणाऱ्या कंपनीला कळवून करावी.

पुढे काय?

साधने फुकट असली तरी पटकथा लिहिणारा आणि आकडे वाचणारा माणूस लागतो. शिवाय एकदा चाचणी करून भागत नाही. सर्व्हर, सॉफ्टवेअर किंवा जोडणी बदलली की जुना निकाल गृहीत धरता येत नाही. रुग्णालय असो वा हेल्पलाइन, नवी फोनयंत्रणा ताब्यात घेताना पुरवठादाराला एक प्रश्न विचारायलाच हवा : एकाच वेळी किती कॉलपर्यंत ही यंत्रणा तपासली आहे?