गोगलगाय आणि पोटातली भूक

‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या लबाड माणसाला लावतो. तिच्या पोटात पाय असतात हे खरेच. प्राणिशास्त्रात तिच्या वर्गाला ‘उदरपाद’ असेच नाव आहे. लबाडी मात्र तिच्यात नाही. गेल्या वर्षीचा अनुभव पाहता, लबाडी केली असेल तर ती मीच तिच्याशी केली, असे म्हणावे लागेल.

आमच्या घरी खाऱ्या पाण्याचे एक लहानसे मत्स्यालय आहे. दिव्याचा उजेड आणि माशांच्या विष्ठेतून मिळणारे खत यांमुळे त्याच्या काचांवर शेवाळ धरते. ते साफ करावयास मी दहा समुद्री गोगलगायी विकत आणल्या. दोन महिन्यांत त्यांतील आठ मेल्या. त्या का मेल्या, हे शोधताना जे समजले ते येथे सांगतो.

पहिल्या तीन पहिल्याच रात्री गेल्या. पिशवीतील पाणी आणि माझ्या टाकीतील पाणी यांच्या खारटपणात फरक होता आणि मी त्यांना तशाच टाकीत सोडल्या. माशाला आपल्या अंगातील क्षारांचे प्रमाण राखता येते. या गोगलगायींना ते साधत नाही. बाहेरचे पाणी बदलले की त्यांच्या शरीरातील पाणीही बदलते. म्हणून त्यांना आणल्यावर भांड्यात ठेवावे आणि बारीक नळीने टाकीतील पाणी थेंबथेंब, तास-दोन तास त्यात सोडत राहावे. समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.025 असते, ते हायड्रोमीटरने पाहावे. टाकीतून वाफ होऊन जाते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते. तेव्हा रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरावी.

चौथी उलटी पडली होती. अ‍ॅस्ट्रिया जातीच्या, शंकूसारख्या शिंपल्याच्या गोगलगायीला सपाट वाळूवर पडल्यास सहसा पुन्हा सुलटे होता येत नाही. शंखातला खेकडा अशा वेळी तिचा समाचार घेतो. सकाळी एकदा टाकीवर नजर फिरवून उलटी पडलेली सुलटी करणे, एवढेच काम असते. मी ते केले नाही.

एक संकट मात्र थोडक्यात टळले. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले, तेव्हा मी औषधाची बाटली आणली. त्यात तांबे होते. गोगलगायीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोसायनिन या द्रव्यातही तांबे असते. परंतु पाण्यात मिसळलेले तांबे तिला विषच ठरते. शिवाय ते दगड-वाळूत मुरून मागे राहते. लेबल वाचले म्हणून बरे! आजारी मासे वेगळ्या टाकीत हलवून तेथेच उपचार केला.

उरलेल्या चार का गेल्या, हे मला सर्वांत उशिरा उमगले. तोपर्यंत काचा लख्ख झाल्या होत्या. पाहुणे कौतुक करीत आणि मी फुशारून जाई. गोगलगायीच्या तोंडात रॅड्युला नावाची दातेरी पट्टी असते; खवणीने नारळ खवावा तसे ती शेवाळ खरवडते. पण खरवडण्यास काही उरलेच नव्हते. टाकी जितकी स्वच्छ, तितकी ती उपाशी. शिंपल्यात मिटून त्या एकेक करून मेल्या, आणि मी ते त्यांचे आयुष्य संपले असे समजलो.

यावर उपाय साधा आहे. नव्या टाकीत शेवाळ दिसू लागेपर्यंत गोगलगायी आणू नयेत. आणाव्यात त्या थोड्याच, आणि कोठल्या पाण्यातल्या आहेत ते विचारून. मार्गारिटा नावाने विकली जाणारी एक जात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील थंड पाण्यातली आहे. आपल्या उबदार टाकीत ती फार काळ जगत नाही. टाकीची मागची काच कधी पुसू नये. शेवाळ संपलेच तर जपानी लोक भाताभोवती गुंडाळतात ती नोरी, तेल-मीठ नसलेली, दगडाला रबराने बांधून ठेवावी. मेलेली गोगलगाय ताबडतोब काढावी. नाहीतर तिच्या कुजण्याने होणारा अमोनिया इतरांचाही जीव घेतो.

आता माझ्याकडे दोनच उरल्या आहेत. टाकीची मागची काच हिरवीगार असते. पाहुणे विचारतात, “ही बाजू पुसायची राहिली वाटतं?” मी सांगतो, “ती बाजू त्यांच्या जेवणाची आहे.”