देवीचा रोग गेला. डेंगी का जात नाही?

बेळगावच्या टिळकवाडीत 'व्हॅक्सिन डेपो' ह्या नावाचा एक विस्तीर्ण, गर्द झाडीचा परिसर आहे. त्याला हे नाव का पडले, हे तरुण पिढीतील पुष्कळांना सांगता येणार नाही. देवीची लस तयार करणारी सरकारी संस्था येथे होती. वासरांच्या कातडीवर लस वाढवावयाची, ती शुद्ध करावयाची आणि गावोगाव देवी काढणाऱ्यांच्या हाती पोहोचवावयाची, असे ते काम. मद्रासची गिंडी, हैदराबाद आणि नैनीतालजवळील पटवाडांगर ह्यांच्या जोडीने देशाला देवीची लस पुरविणाऱ्या चार संस्थांत बेळगावची गणना होई. भारतातील देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये आढळला आणि १९८० साली हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले.

ज्या भागाने एका महारोगाच्या उच्चाटनाला हातभार लावला, त्याच भागात निपाणीपासून खानापूरपर्यंत पावसाळा आला की डेंगी आणि चिकनगुन्याची धास्ती पुन्हा सुरू होते. तेव्हा असा प्रश्न सहज मनात येतो की, देवीवर लस निघाली, मग डासांनी पसरणाऱ्या ह्या रोगांवर ती घरोघर का पोहोचली नाही? शास्त्रज्ञ स्वस्थ बसले आहेत काय?

ह्याचे उत्तर 'नाही' असे आहे; परंतु ते समजण्यासाठी शत्रूचे स्वरूप पाहिले पाहिजे. देवीचा विषाणू फक्त माणसातच राहत असे. त्याचा प्रकार व्यवहारतः एकच होता आणि एकदा रोग होऊन गेलेल्या माणसास तो सहसा पुन्हा होत नसे. डासांनी वाहून नेलेले विषाणू इतके सरळ नाहीत.

तरीही काही ठिकाणी यश लवकर आले. पीतज्वर हा आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील रोग. तोही डासांमार्फतच पसरतो. मॅक्स थायलर ह्या शास्त्रज्ञाने १९३७ च्या सुमारास त्याच्या विषाणूला प्रयोगशाळेत वारंवार वाढवून दुबळे केले आणि त्यापासून उत्तम लस सिद्ध केली. ह्या कार्याबद्दल त्याला १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढल्याच वर्षी, १९५२ साली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन ह्यांच्या सहकार्याने पुण्यात 'व्हायरस रिसर्च सेंटर' स्थापन झाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था होय.

ह्या संस्थेच्या कामाचे एक फळ जपानी मेंदूज्वरावरील लसीच्या रूपाने दिसले. हा रोग भातशेतीच्या साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स जातीच्या डासांनी पसरतो आणि मुख्यतः मुलांच्या मेंदूवर घाला घालतो. कर्नाटकातील कोलार येथील एका रोग्यापासून पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ह्या रोगाचा विषाणू वेगळा केला होता. त्याच विषाणूपासून हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने तयार केलेली 'जेनव्हॅक' ही लस २०१३ साली उपलब्ध झाली. मात्र ह्या रोगाचा एक विशेष ध्यानी ठेवला पाहिजे. त्याचा विषाणू डुकरे व बगळ्यांसारखे पाणपक्षी ह्यांच्यात वस्ती करून असतो. माणसापासून तो पुढे पसरत नाही. त्यामुळे गावातील शंभर मुलांना लस टोचली म्हणून एकशेएकावे मूल सुरक्षित होत नाही. ज्याला लस, त्यालाच संरक्षण.

चिकनगुन्याची कथा निराळी आहे आणि काहीशी खेदजनकही आहे. भारतात ह्या रोगाची साथ १९६३ साली कलकत्त्यास आली आणि १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे आली. त्यानंतर हा रोग जवळजवळ विस्मृतीत गेला. अमेरिकेच्या सैन्यदलाच्या शास्त्रज्ञांनी त्यावर एक लस बनविली होती आणि माणसांवर तिच्या चाचण्याही घेतल्या होत्या. काहींना सांधेदुखी झाली. पण काम बाजूस पडले ते केवळ त्यामुळे नव्हे. ज्या रोगाची फारशी साथच नाही, त्याच्या लसीवर पैसा कोणी खर्चावा? आणि मग २००५ च्या अखेरीस चिकनगुन्या परतला. २००६ साली देशात सुमारे १४ लाख संशयित रोगी नोंदले गेले. त्यांपैकी साडेसात लाख एकट्या कर्नाटकातील आणि अडीच लाखांहून अधिक महाराष्ट्रातील होते. सीमेच्या दोन्ही बाजूंस घरेच्या घरे अंथरुणास खिळली आणि कित्येकांची सांधेदुखी महिनोन् महिने हटली नाही. रोग निद्रिस्त असताना संशोधन झोपी गेले, तर रोग जागा होतो तेव्हा हाती काहीच नसते, असा ह्या साथीचा धडा आहे.

अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये चिकनगुन्यावरील 'इक्स्चिक' ही पहिली लस मान्य झाली. ही साथ अचानक उसळते आणि चाचणीची सिद्धता होण्यापूर्वीच ओसरते, म्हणून टोचलेल्यांच्या रक्तात संरक्षक द्रव्ये किती निर्माण झाली, ह्यावरून ही मान्यता देण्यात आली. पुढे लस घेतलेल्या काही व्यक्तींत, विशेषतः वृद्धांत, गंभीर विकार दिसून आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिचा अमेरिकेतील परवाना स्थगित झाला. दुबळा केलेला विषाणू प्रकृतीने क्षीण माणसाच्या देहात कसा वागेल, हे थोड्या लोकांवरील चाचणीत पुरते उमगत नाही.

सर्वांत बिकट प्रश्न आहे तो डेंगीचा. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा ताप येऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. परंतु पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठले, तर पहिल्या वेळची संरक्षक द्रव्ये कधीकधी उलटे काम करतात. ती नव्या विषाणूला चिकटतात, पण त्याला मारू शकत नाहीत. उलट त्याला पेशींत शिरावयास साहाय्यच करतात. म्हणूनच डेंगीचा दुसरा हल्ला पहिल्यापेक्षा घातक ठरू शकतो. लसीने चारही प्रकारांविरुद्ध एकाच वेळी आणि सारख्या बळाने तयारी करून दिली पाहिजे. अर्धवट तयारी ही काही वेळा तयारीच नसण्यापेक्षा वाईट!

ह्याची प्रचीती फिलिपाइन्समध्ये आली. तेथे एप्रिल २०१६ पासून 'डेंगव्हॅक्सिया' ही लस ८ लाखांहून अधिक शाळकरी मुलांना टोचली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिच्या उत्पादकांनीच जाहीर केले की, ज्यांना पूर्वी डेंगी झालेला नाही, अशांना ही लस घेतल्यावर पुढे तीव्र डेंगी होण्याचा धोका वाढू शकतो. मोहीम थांबली. परंतु पालकांच्या मनात जो अविश्वास शिरला, तो इतर लसींनाही भोवला आणि २०१९ साली त्या देशात गोवराची मोठी साथ आली. लस लांबते म्हणून चडफडणाऱ्यांनी ही हकीकत अवश्य आठवावी. घाईने दिलेल्या एका लसीची किंमत दहा चांगल्या लसींना मोजावी लागते.

भारतातील प्रयत्न ह्याच सावधगिरीने चालला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत चारही प्रकारांचे विषाणू त्यांच्या आनुवंशिक रचनेत फेरफार करून दुबळे करण्यात आले. त्यांच्या आधारे 'पॅनेशिया बायोटेक' ह्या भारतीय कंपनीने 'डेंगीऑल' ही एकाच मात्रेची लस बनविली. तिची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये हरियाणातील रोहतक येथे सुरू झाली. १८ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १९ केंद्रांवर १०,३३५ निरोगी प्रौढ व्यक्ती निवडून त्यांच्यावर दोन वर्षे लक्ष ठेवावयाचे, अशी तिची योजना आखली गेली. दोन वर्षे कशासाठी? डेंगीच्या लसीचा दोष टोचल्याच्या दिवशी दिसत नाही. तो पुढल्या पावसाळ्यात दिसतो, म्हणून.

लस हाती येईपर्यंत काय करावे, ह्याचे उत्तर डासाच्याच सवयींत आहे. डेंगी व चिकनगुन्या पसरविणारी एडीस इजिप्ती ही डासीण दिवसा चावते आणि घराजवळच्या स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात अंडी घालते. ती फार लांब उडत नाही. बहुधा काही शे मीटरच. निपाणीहून बेळगावास किंवा कोल्हापुरास रोग जातो तो डासीण उडत गेल्यामुळे नव्हे; एस. टी. त बसलेल्या माणसाच्या रक्तातून तो जातो. दोन राज्यांची सीमा त्याला अडवीत नाही.

जेथे नळाला रोज पाणी येत नाही, तेथे गृहिणीला पिंपे, रांजण आणि हौद भरून ठेवावेच लागतात. हा तिचा दोष नव्हे. बेळगावच्या काही प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला. नित्य पाणी मिळाले, तर साठवण्याची गरज कमी होते. म्हणजे पाणीपुरवठा हाही रोगप्रतिबंधाचाच एक भाग ठरतो. घरापुरती गोष्ट सोपी आहे. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करावीत. परंतु नुसते पाणी ओतून भागत नाही. भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही काही महिने तग धरतात आणि पाणी मिळताच फुटतात. यासाठी आतून खरखरीत घासावे, वर घट्ट झाकण घालावे आणि परसातील जुने टायर व करवंट्या उचलून टाकाव्यात.

डेंगीची उत्तम लस आली तरी हे काम संपणार नाही, कारण तीच डासीण चिकनगुन्याही आणते आणि एका रोगाची लस दुसऱ्यावर चालत नाही. पिंपावरचे झाकण मात्र दोहोंवरही चालते.