विष पडदा फाडत नाही, झडप उघडतं!

बोरी बुद्रुकला कुकडी नदीच्या पात्रात दगड उचलला की खाली खेकडा दिसायचाच. नांग्या चुकवून त्याला मागून कसं धरायचं, हे तिथल्या पोरांना शिकवावं लागत नाही. नदीच्या खेकड्याने नांगी लावली तर बोट ठणकेल, रस्सा झणझणीत झाला तर नाक गळेल. बस्स.

समुद्रातले सगळे खेकडे मात्र इतके साधे नसतात. सिंगापूर, फिलिपिन्सकडे प्रवाळांत लाल-पांढऱ्या नक्षीचा एक देखणा खेकडा राहतो : लोफोझोझिमस पिक्टर. त्याचं विष नांगीच्या चिमट्यातून येत नाही, मांसात असतं. नाव पॅलिटॉक्सिन. उकळा नाहीतर तळा, ते जात नाही! खेकडा ते स्वतः तयार करत नाही. बहुधा खाण्यातून त्याच्या अंगात साठतं.

आता या विषाची गंमत बघा. आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त, हा फरक टिकला तरच नसा आणि स्नायू चालतात. तो टिकवतात पडद्यातले इवले इवले पंप. दर फेरीला 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. पंपाला दोन झडपा, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. दोन्ही एकदम कधीच उघडत नाहीत.

पॅलिटॉक्सिन बाहेरून येऊन पंपावर बसतं आणि दोन्ही झडपा एकदम उघड्या पडतात! विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह गेला की चढवलेलं पाणी सुळकन परत विहिरीत जातं ना, तसंच. सोडियम आत घुसतं, पोटॅशियम बाहेर पळतं. पडदा कुठेही फाटलेला नसतो, तरी पेशी हतबल. स्नायूंत गोळे येतात, हृदयाचे ठोके बिघडतात.

आणि हा पंप सापडला कशात? खेकड्याच्याच पायांतल्या नसांत! डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी 1957 साली तो शोधला. नोबेल मिळायला मात्र 1997 उजाडलं. पंपाच्या पोटातून सोडियम-पोटॅशियम नेमकं कुठल्या वाटेने जातं, हे तपासायला शास्त्रज्ञ आता हेच विष वापरतात.