खापरखेड्याला दर्या कुठून आला?

एक सोपा प्रश्न. नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेड्याहून मुंबईचा समुद्र किती लांब?

नकाशा काढा, पट्टी ठेवा. रेल्वेने निघालात तर आठशे किलोमीटरहून जास्त! खापरखेड्यात काय दिसतं? औष्णिक वीज केंद्राच्या उंचच उंच चिमण्या. 1340 मेगावॉट वीज तयार करणारं हे केंद्र. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, कोळशाचे ट्रक आणि जवळून वाहणारी कन्हान नदी. समुद्र, लाटा, शिडाची होडी यांतलं काही म्हणजे काहीच नाही.

पण डिसेंबर-जानेवारीत शाळेचं गॅदरिंग येऊ द्या! मुली गुडघ्यापर्यंत साडी नेसून, केसांत गजरा माळून, कमरेवर टोपली घेऊन रंगमंचावर येतात. मुलांच्या डोक्याला लाल टोपी आणि हातात पुठ्ठ्याचं वल्हं. गाणं लागतं आणि सगळे डोलायला लागतात. कोणतं गाणं ते सांगायलाच नको. 'मी डोलकर'!

खापरखेडाच कशाला, गडचिरोलीपासून कोल्हापूरपर्यंत क्वचितच एखाद्या शाळेचं गॅदरिंग कोळीगीताशिवाय पार पडत असेल. नाचणाऱ्यांपैकी कित्येकांनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला असतो. मग हे गाणं इतक्या लांब आलं कसं? आणि गंमत म्हणजे, ज्याला आपण कोळ्यांचं जुनं लोकगीत समजतो ते खरंच तसं आहे का?

कवयित्री नागपूरच्या कॉलेजात!

नाही, ते जुनं लोकगीत नाही. 'मी डोलकर' हे शांता शेळके यांनी लिहिलेलं गाणं आहे. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. गायलं लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी. हेमंतकुमार म्हणजे 1954 च्या 'नागिन' सिनेमाचे संगीतकार. गारुड्याच्या पुंगीची ती प्रसिद्ध धून आठवते ना? तेच हे. मातृभाषा बंगाली, पण इथे आवाज दिला मराठी कोळ्याला!

शांताबाईंचा जन्म 1922 सालचा, पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरचा. म्हणजे त्यांच्याही गावाला समुद्र नाही. आणखी एक गोष्ट ऐकलीत तर नागपूरकरांची कॉलर ताठ होईल. शांताबाई काही काळ नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात मराठी शिकवत होत्या! पुढे त्या मुंबईला गेल्या. 1996 साली आळंदीला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. 2002 साली त्या गेल्या.

शांताबाई आणि हृदयनाथ या जोडीने आणखीही कोळीगीतं दिली. 'वादळवारं सुटलं गो' हे त्यातलंच. ते ऐकताना एक गोष्ट लक्षात घ्या. 'डोलकर'मध्ये सगळा तोरा आहे. तो आपल्या दर्याचा रुबाब सांगतो, ती आपल्या लाडाकोडाचं आणि साडीचोळीचं कौतुक. 'वादळवारं'मध्ये मात्र जीव टांगणीला लागलाय. पाऊस झोडपतोय, तुफान उठलंय आणि आपलं माणूस होडी घेऊन पाण्यात गेलंय. दोन्ही गाणी एकाच दर्याची. एकात तो पोसणारा, दुसऱ्यात तो गिळू पाहणारा. किनाऱ्यावरच्या घरांना ही दोन्ही रूपं रोजची ओळखीची असतात.

डोलकर म्हणजे डोलणारा? छे!

गॅदरिंगमध्ये नाचणाऱ्या दहा जणांना विचारा, डोलकर म्हणजे कोण? निम्मे तरी सांगतील, "जो डोलतो तो!" पण नाही हं. 'डोल' हे एका जाळ्याचं नाव आहे. मोठ्या नरसाळ्यासारखं जाळं. तोंड भलं रुंद, शेपटाकडे निमुळतं. ते समुद्रात प्रवाहाच्या तोंडाशी पक्कं बांधून ठेवतात. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून जोरात वाहतं आणि बोंबील, जवळा असली मासळी आत अडकते. म्हणजे डोलकर माशांच्या मागे धावत नाही. पाणी कधी येणार, कधी फिरणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्यासाठी चंद्र पाहावा लागतो, तिथी मोजावी लागते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं हे तुम्ही भूगोलात पाठ करता. डोलकराचं पोट त्यावर चालतं.

'नाखवा' म्हणजे होडीचा मालक, प्रमुख. 'तांडेल' म्हणजे होडी चालवणाऱ्यांचा म्होरक्या. 'सारंग' हाही जहाजावरच्या खलाशांचा पुढारीच. नाखवा आणि सारंग हे शब्द फारसीतून आलेत. जहाजांबरोबर माल आला, माणसं आली आणि शब्दही आले.

आता सांगा, हे कळल्यावर तुम्ही पुठ्ठ्याचं वल्हं तसंच धराल का?

मग खरी जुनी गाणी कुठली?

ती होती आणि आहेतही. कोळी आणि आगरी लोकांच्या लग्नात 'धवलारीण' नावाची जाणती बाई असते. हळदीपासून पुढच्या एकेका विधीची गाणी तिला तोंडपाठ. त्या गाण्यांना तीन मिनिटांची मर्यादा नसते. विधी चालेल तोवर गाणं चालतं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करताना गाणी होतात. वल्हं मारताना, होडी वाळूवर ओढताना सगळ्यांचा जोर एकदम लागावा म्हणून ताल धरला जातो.

हे शेवटचं नीट समजून घ्या. दहा जण दोर ओढताहेत, पण प्रत्येकाने आपापल्या वेळी ओढला तर? दोर जागचा हलायचा नाही. आपल्याकडे एक जण ओरडतो "जोर लगा के", बाकीचे म्हणतात "हैय्या" आणि त्या 'हैय्या'वर ओढतात. युरोप-अमेरिकेतल्या शिडाच्या जहाजांवर अगदी हेच चालायचं. त्या गाण्यांना 'शँटी' म्हणतात. एक पुढारी ओळ गायचा, बाकीचे धृपद गायचे आणि ठरलेल्या ठोक्यावर हिसका द्यायचे. शीड वर ओढायचं गाणं वेगळं, नांगर उचलायचं वेगळं, कारण दोन्ही कामांची लय वेगळी. म्हणजे ही गाणी नुसती करमणूक नव्हती, ते कामाचं एक हत्यारच होतं!

पुढे वाफेची इंजिनं आली. शिडं गेली आणि शँटीचं कामही गेलं. आपल्या किनाऱ्यावरही होड्यांना इंजिन बसलं. वल्हं मारायचे कष्ट वाचले हे चांगलंच झालं. पण कामच बंद झाल्यावर त्या कामाचं गाणं कोण म्हणणार?

म्हाताऱ्याने ओळखलेलं नवं गाणं

इथे साता समुद्रापलीकडची एक गोष्ट ऐका. इंग्लंडमध्ये इवान मॅकॉल आणि पेगी सीगर ही लोकगीतं गाणारी जोडी होती. तो इंग्लंडचा, ती अमेरिकेची. दोघंही कोळी नव्हेत. 1960 साली त्यांनी चार्ल्स पार्कर या निर्मात्याबरोबर बीबीसी रेडिओसाठी हेरिंग मासे पकडणाऱ्यांवर 'सिंगिंग द फिशिंग' नावाचा कार्यक्रम केला. नटांना कोळ्याचं सोंग न देता त्यांनी टेपरेकॉर्डर उचलला आणि खऱ्या कोळ्यांचे आवाज टिपले.

त्यातले एक होते विंटरटन गावचे सॅम लार्नर. वय ऐंशीच्या पुढे. लहानपणीच समुद्रावर गेलेले. शिडाच्या होड्याही पाहिलेल्या आणि वाफेच्याही. त्यांनी जुनी गाणी गायली, आठवणी सांगितल्या. त्यांची जुनी गाणी पुढे 1961 साली रेकॉर्डवरही निघाली. आणि मॅकॉल यांनी काय केलं? म्हाताऱ्याच्या बोलण्यातले शब्द घेऊन एक कोरं करकरीत गाणं रचलं, 'शोल्स ऑफ हेरिंग', म्हणजे हेरिंग माशांचे थवे. मॅकॉल सांगत की, हे गाणं ऐकवल्यावर सॅम लार्नर म्हणाले, हे तर मला आयुष्यभर ठाऊक आहे! गाणं कालचं, पण शब्द त्यांच्याच आयुष्यातले ना!

त्या कार्यक्रमाला त्याच वर्षी 'प्री इतालिया' हा मानाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाणं आयर्लंडला पोचलं आणि तिथे काही गायकांच्या तोंडी त्याचं नाव झालं 'शोअर्स ऑफ एरिन', म्हणजे आयर्लंडचे किनारे. ऐकण्यात चूक झाली, मासे गेले आणि किनारे आले! पण म्हणूनच ते लोकगीत झालं, नाही का?

आता 'डोलकर'कडे पुन्हा बघा. तेही लिहिलं गेलं, स्टुडिओत गायलं गेलं, रेकॉर्डवर निघालं. मग रेडिओने ते गावोगाव नेलं. नागपूरचं आकाशवाणी केंद्र 1948 पासून आहे बरं का. नंतर कॅसेट आल्या. 1990 च्या दशकात 'वेसावकर आणि मंडळी' यांच्या कोळीगीतांच्या कॅसेटी लग्नाच्या वरातीत दणाणायच्या. गाणं कितीही नवं असो, लोकांनी ते हजार वेळा आपलं म्हणून गायलं की ते लोकांचं होतं. याचा एक तोटाही आहे. गाणं लोकांचं झालं की नावं पुसली जातात. लिहिणारीचं नाव विसरतं आणि ज्यांच्या कामावर ते बेतलंय तो डोलकरही विसरतो. उरते फक्त टोपी आणि टोपली.

कन्हानच्या काठची गाणी?

आता खरा प्रश्न. दर्याच्या गाण्यांची रेकॉर्ड झाली. आपल्याकडच्या गाण्यांचं काय? विदर्भातही ढिवर आणि भोई समाजाची माणसं नदीत, तलावात जाळी टाकतात, डोंगा चालवतात. रामटेक-मौद्याकडे भाताची रोवणी करताना बाया ओळीने वाकून गाणी म्हणतात. रोवणी यंत्राने होऊ लागली की त्या गाण्यांचंही शँटीसारखंच होणार.

"हे आमचं काम थोडंच आहे?" असं म्हणू नका. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या जोडीने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. दळण गिरणीवर जाऊ लागलं होतं, जाती कोपऱ्यात पडत होती, पण बायांच्या ओव्या मागे राहिल्या. तुमच्या घरात तर टेपरेकॉर्डरपेक्षा भारी वस्तू आहे, मोबाइल!

करून पाहा

1. आजी, आजोबा किंवा शेजारच्या काकूंना कामाचं एखादं गाणं येतं का ते विचारा. रेकॉर्ड करण्याआधी त्यांची परवानगी घ्या.

2. पंखा आणि टीव्ही बंद करा. आधी त्यांना बोलू द्या, गाणं आपोआप येईल. मध्येच हसू नका, चुका काढू नका.

3. वहीत लिहून ठेवा : गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, गाणं कुणाकडून शिकले आणि कोणतं काम करताना म्हणायचे. नाव लिहायला विसरलात तर अर्धं काम वाया!

4. न कळलेल्या शब्दांची यादी करा आणि अर्थ त्यांनाच विचारा. 'डोल'सारखं एखादं अख्खं जाळं त्यात सापडेल!

आणि हो, खापरखेड्याला दर्या नाही असं म्हटलं ना? तेही पुरतं खरं नाही. कन्हान वैनगंगेला मिळते. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे खापरखेड्याजवळचं पाणी दर्याला जातंच. त्याबरोबर पाठवायला आपल्याकडचं एखादं गाणंही असू द्या की!