मोटार का जळते?

नागपूरच्या धरमपेठेत उन्हाळा लागला, की घरोघरी कूलर सुरू होतात. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कूलरच्या पोटात एक लहान मोटार असते. आपल्या विहिरीवर असते ती मोठी मोटार. एक वारा देते, दुसरी पाणी देते. दोघींच्या आत तांब्याची तार गुंडाळलेली असते. ऐन उन्हाळ्यात ही तार जळली, तर शहरात माणूस घामाघूम होतो. गावात मात्र संत्र्याची बाग सुकते. मग ती का जळते, ते आपण पाहू.

तारेतून वीज वाहिली, की तार तापते. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते! प्रवाह मोजण्याचे माप म्हणजे अँपिअर. जाड तार जास्त अँपिअर सोसते, बारीक तार कमी. लहान पाटात फार पाणी सोडले तर पाट फुटतो ना? तसेच हे. मोटारीतल्या तारेवर वार्निशचा लेप असतो. तो जळला, की तारेला तार भिडते आणि मोटार संपते.

आता सांधा पाहू. नुसता पिळलेला सांधा पुढे ढिला होतो. त्यावर गंज चढतो. तिथे वीज अडते आणि तेवढीच जागा तापते. म्हणून आधी तार घासून लख्ख करतात, घट्ट पिळतात, मग सोल्डरचा डाग देतात. सोल्डर म्हणजे कथील व शिसे यांचे मिश्रण. ते १९० अंशांच्या आसपास वितळते. तांबे वितळायला १०८५ अंश लागतात. म्हणून तार फार तापली, की आधी डाग सुटतो.

विहिरीवरच्या मोटारीला बहुधा तीन फेज लागतात. ५ अश्वशक्तीची मोटार पुऱ्या कामावर सुमारे ७ अँपिअर घेते. चालू मोटारीची एक फेज गेली, तर बाकीच्या दोन तारांवर पावणेदोन पट प्रवाह येतो. उष्णता तिप्पट होते. मोटार घुमू लागते. तिला तेव्हाच बंद करावे.

फ्यूजची तार मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. ती स्वतः जळते आणि मोटारीला वाचवते. ती सारखी जळते म्हणून कोणी जाड तार घालतात. असे करू नये. म्हणजे राखणदाराला झोपवून चोराला दार उघडे ठेवण्यासारखे झाले! फ्यूज का जळतो, ते आधी शोधावे. मेन स्विच बंद करावा आणि जाणत्या वायरमनला बोलवावे.