मुकें दुःख आणि बोलकी कविता

कविता डोळ्यांनीं वाचावी कीं कानांनीं ऐकावी, याविषयीं रसिकांत मतभेद असतील. परंतु अमेरिकेंतील कृष्णवर्णीय स्त्रियांपुढें हा प्रश्न निव्वळ रसिकतेचा कधींच नव्हता. 'ही बाई कणखर. हिला सर्व सोसतें,' असें गुलामगिरीच्या काळापासून त्यांच्याविषयीं मानलें गेलें, आणि पुष्कळ जणींनीं स्वतःही तसेंच मानलें. त्यामुळें मन खचलें तरी तें बोलून दाखविण्याची सोय उरली नाहीं. श्रोत्यांसमोर उभें राहून म्हटलेल्या कवितेनें या मुक्या दुःखास वाट कशी करून दिली, तें दोन कवयित्रींच्या चरित्रांवरून दिसतें.

माया अँजेलो यांचा जन्म १९२८ सालचा. त्या सुमारें आठ वर्षांच्या असतां आईच्या परिचयाच्या एका इसमानें त्यांच्यावर अत्याचार केला. मुलीनें त्याचें नांव सांगितलें. पुढें तो मारला गेला. आपल्या शब्दानेंच माणूस मेला, अशी त्या बालमनाची समजूत झाली, व तिनें बोलणेंच सोडलें. एका भावाखेरीज ती जवळजवळ पांच वर्षें कोणाशीं बोलली नाहीं! आर्कान्सासमधील स्टँप्स या गांवीं तिच्या आजीचें दुकान होतें. तेथील बर्था फ्लॉवर्स या सुशिक्षित कृष्णवर्णीय बाईंनीं तिला घरीं बोलाविलें, पुस्तकें दिलीं, आणि तीं मोठ्यानें वाचण्यास सांगितलें. मनुष्याच्या आवाजावांचून कागदावरचा शब्द अपुरा, असा बाईंच्या शिकवणीचा आशय होता. (पाठ केलेली कविता एका श्वासांत उरकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.) तीच मुलगी १९९३ सालीं अध्यक्ष क्लिंटन यांच्या शपथविधीस साऱ्या राष्ट्रासमोर स्वतःची कविता म्हणण्यास उभी राहिली.

दुसऱ्या एन्टोझाकी शांगे (१९४८–२०१८). शांगेबाईंचे वडील शस्त्रवैद्य, घर सुखवस्तु. तेव्हां दारिद्र्यामुळेंच मन खचतें, असें म्हणतां येत नाहीं. विवाह मोडल्यावर त्यांनीं जीव देण्याचा प्रयत्न केला, आणि तोही एकदांच नव्हे. १९७४ सालीं बर्कलीजवळ एका मद्यगृहांत त्यांनीं व त्यांच्या मैत्रिणींनीं कविता म्हणण्यास व त्यांवर नृत्य करण्यास आरंभ केला. त्यांतून झालेलें काव्यनाट्य १९७६ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलें. आत्महत्येचा विचार मनांत आणलेल्या मुलींसाठीं तें आहे, असें त्याच्या नांवांतच उघड म्हटलें आहे. त्यांत सात स्त्रिया सात रंगांच्या वस्त्रांत येतात. कोणासही नांव नाहीं.

कृष्णवर्णीयांच्या पुष्कळ चर्चमध्यें उपदेशक बोलूं लागला म्हणजे मंडळी मध्येंच 'आमेन' म्हणून साद देते. तीच रीत या काव्यसभांत उतरली आहे. एक जण व्यथा बोलते, समोरून हुंकार येतो, आणि ती व्यथा तिची एकटीची राहत नाहीं. हा हुंकार म्हणजे औषधोपचार नव्हे. मन आजारी असेल तर वैद्याकडे गेलेंच पाहिजे. पण वैद्याकडे जाण्यासाठींही आधीं 'मला दुखतें' असें म्हणावें लागतें.

शांगेबाईंच्या नाट्याच्या अखेरच्या कवितेचा विषय हात ठेवणें हाच आहे. आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करण्याची रीत आमच्या ख्रिस्ती वाचकांस ठाऊक आहेच. तेथें मात्र पाळक कोणी नसतो. त्या सात जणीच एकमेकींना धरून वर्तुळ करून उभ्या राहतात.